सिंहाची शेपटी आणि गप्प पाटी

जनावरांच्या राज्यात कारकून होते, पण कागद अजून निघाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. दरबारात एक काळी पाटी होती. खालच्या कळा दाबून तिच्यावर हुकूम लिहिला, की काम होई.

एकदा सिंहाला शेपटी आणखी वीतभर लांब हवी झाली. कारभारी कावळ्याने हुकूम लिहिला. पाटी गप्प. कावळ्याला हे झोंबलं. त्याच्या घराण्यात समोरच्याने हो म्हटल्याशिवाय काम झालं असं कुणी धरत नसे. वरच्या बाणाची कळ दाबली की मागचा हुकूम आयता परत येतो, ही युक्ती त्याला खारीने शिकवली होती. तो बाण दाबत सुटला.

संध्याकाळी नदीपलीकडच्या म्हशींचा निरोप आला, की महाराजांची शेपटी आमच्या गोठ्यात शिरली आहे, तेवढी घेऊन जा.

"अरे, काय चालवलंयस हे?" सिंह गुरगुरला.

"महाराज, ही काही बोलतच नाही."

खार म्हणाली, "कारभारी, काम झालं की ती गप्पच असते. अडलं तरच बोलते. एकदा वळून शेपटीकडे बघायचंत."

"मला काम शिकवू नकोस." कावळ्याने शेपटी वीतभर कमी करण्याचा हुकूम लिहिला आणि मान वाकडी करून वाट पाहिली. पाटी गप्प. पुन्हा बाण सुरू झाला. शेपटी नदी ओलांडून दरबारात आली, हवी तेवढी झाली, तरी बाण थांबेना.

"पुरे," सिंह म्हणाला.

"महाराज, पाटीला सांगू द्या."

अखेर पाटीवर अक्षरं उमटली: शेपटी सापडत नाही.

कावळ्याने समाधानाने पंख झटकले. "बघा महाराज, आता झालं काम."