अंगणातला खो

“...आणि हे रोज असंच चालणार का, बुवा?”

सुव्रतने हे विचारलं आणि नेमकी तेव्हाच बाहेर अंगणात शिट्टी वाजली. मागोमाग आरडाओरडा. कोणी पडलं, कोणी हसलं, धूळ उडून दारापर्यंत आली.

वामनबुवा खिडकीपाशी बसले होते. तोंड अंगणाकडे.

“थांब जरा,” ते म्हणाले. “हलिमा खांबापाशी पोचली... आता धरते... गेला! सोपान निसटला!”

आणि त्यांनी मांडीवर जोरात हात मारला.

सुव्रत थांबला.

नीरेच्या काठचा हा मठ. मठ म्हणजे काय, दोन खोल्या, एक समाधी आणि पुढे मोठं सपाट अंगण. गावात एवढी सपाट जागा दुसरीकडे नाही, म्हणून गावचा खो-खोचा संघ रोज संध्याकाळी इथे सराव करतो. दोन टोकांचे दोन खांब बुवांनी स्वतःच्या हाताने पुरलेले आहेत.

सुव्रत शहरातली नोकरी सोडून इथे आला, त्याला काही वर्षं झाली होती. पहाटे आसनावर बसायचा तो उन्हं वर येईपर्यंत. पाठ ताठ, श्वास संथ. ही गोष्ट सांगणारा मी, पैसे घेऊन शांतता शिकवणारी मोठमोठी शहरं पाहून आलो आहे. इतकं देखणं बसणं तिथे पाहिलं नाही.

त्याला एकच गोष्ट हवी होती. बुवांनी डोक्यावर हात ठेवावा आणि म्हणावं, तू तयार झालास.

बुवा म्हणत नव्हते.

“बुवा, आज मला उत्तर हवंय,” सुव्रत म्हणाला. “पिशवी भरून ठेवली आहे. तुम्ही नाही म्हणालात तर उद्या सकाळच्या एस्टीने निघतो.”

“कुठे?”

“जिथे असा गोंगाट नाही तिथे.”

“असं गाव सापडलं तर कळव. मी बघायला येईन.”

“थट्टा नको, बुवा.”

“बरं, नाही करत. बोल.”

सुव्रत समोर येऊन बसला.

“माझं मन कशात गुंतत नाही. आजचं नाही हे, लहानपणापासूनचं. क्रिकेटचा सामना लागला की आमची सगळी इमारत एका टीव्हीपुढे जमायची. मी जिन्यात जाऊन बसायचो.”

“क्रिकेट मलाही कळत नाही. निम्मी माणसं नुसती उभीच असतात.”

“पत्ते नाहीत, कॅरम नाही. संक्रांतीला सगळे गच्चीवर पतंग उडवायचे, तेव्हा मी खाली पुस्तक वाचायचो. वडिलांनी एकदा जत्रेतल्या कुस्त्या दाखवायला नेलं. गर्दीत दिसावं म्हणून खांद्यावर बसवलं, तर मी खांद्यावरच झोपलो.”

“वडिलांचे खांदे चांगले असणार.”

“बुवा!”

“चुकलो. पुढे बोल.”

“लोक ज्याच्यासाठी जीव टाकतात, त्यात मला काही म्हणजे काहीच वाटत नाही. याला विरक्ती नाही तर काय म्हणायचं?”

बुवांनी पहिल्यांदाच खिडकीवरून नजर काढली.

“मला कारलं आवडत नाही,” ते म्हणाले.

सुव्रत बघत राहिला.

“जन्मात कधी आवडलं नाही. पण कारल्यावाचून मी मोठा विरागी झालो, असं अजून तरी कोणी म्हणालेलं नाही.”

बाहेर पुन्हा शिट्टी वाजली.

सुव्रत बोलला, तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

“मग माझ्यात काही कमी आहे का, बुवा? सगळे हसत असतात आणि मी त्यांच्याकडे काचेतून बघत असतो... विरक्ती नसेल ही, तर दुसरं काय आहे?”

बुवा त्याच्याकडे वळले.

“बुवा...” दारातून हाक आली. “आहात का?”

कोणी म्हातारा होता. काठी टेकून उभा. सुनेशी भांडून आला होता, की मुलाशी, कोण जाणे. बुवा उठले.

बुवांचं ते उठणं सांगायला हवं. दारात हाक आली की ते उठत. जेवत असले तर घास ताटात ठेवून उठत. कोण आहे, काय काम आहे, आत्ताच का, असं आतून विचारत नसत. गुडघे दुखायचे, तरी उठताना कपाळाला आठी नसे. एवढ्यासाठी लोकांनी लांबून यावं, इतकं ते बघण्यासारखं होतं.

त्या वेळात सुव्रत बसलेला असे. उठायला बुवा आहेत ना.

म्हाताऱ्याचं ऐकून बुवा परत आले, तेव्हा त्यांच्या मागोमाग हलिमा दारात उभी. संघाची कर्णधार. पंधरा-सोळा वर्षांची, घामाने चिंब, कोपर खरचटलेलं.

“बुवाआजोबा, आमच्या गणपाला ताप भरलाय. एक माणूस कमी पडतंय.”

“मी येऊ?”

“तुम्ही नको. मागच्या वेळी तुम्ही खेळून गुडघा सुजवून घेतलात, तर तुमच्या सूनबाईंनी बोलावं त्याहून जास्त माझ्या आईनं मला बोलून काढलं.”

“मला सून कुठली?”

“तेच तर! नसलेल्या सुनेच्या वाटचंही आईच बोलली.” तिने आत डोकावलं. “सुव्रतदादांना सोडा की.”

“मी?” सुव्रत म्हणाला.

“खेळायचं नाही हो. नुसतं बसायचं. आठ जण बसायला लागतात.”

बुवांचा चेहरा खुलला.

“बसायला? अगं, बसण्यात याच्या तोडीचा माणूस तुला जिल्ह्यात मिळायचा नाही. जा रे.”

“मला खेळ आवडत नाही, हे मी आत्ताच तुम्हाला सांगितलं.”

“आवडून घे, असं मी म्हणालो का? बस म्हणालो.”

तो गेला.

दोन खांबांच्या मधोमध ओळीत आठ जण उकिडवे बसले. एकाचं तोंड नदीकडे, शेजारच्याचं मठाकडे, असे एकाआड एक. सुव्रतचं तोंड मठाकडे, थेट बुवांच्या खिडकीसमोर. सोपान पळणार होता आणि हलिमा त्याला धरणार होती.

“सोपं आहे दादा,” हलिमा म्हणाली. “मला मधली रेघ ओलांडता येत नाही. सोपान रेघेच्या पलीकडं गेला की मी पलीकडं तोंड असलेल्याच्या पाठीवर थाप मारणार, खो म्हणणार. तो उठून सोपानच्या मागं पळणार, मी त्याच्या जागी बसणार. थाप बसेस्तोवर हलायचं नाही.”

“हलणार नाही,” सुव्रत म्हणाला.

आणि खरंच हलला नाही. खेळ सुरू झाला. सोपान या बाजूने त्या बाजूला सापासारखा सळसळत होता. पोरं ओरडत होती. सुव्रतच्या पापणीलाही धक्का नव्हता.

“काय बसलाय गडी!” कोणी तरी म्हणालं. “शेंदूर लावा रे कोणी तरी!”

एवढ्यात सोपान ओळीतून घुसून मठाच्या बाजूला आला. अगदी सुव्रतच्या समोर. हात लांब केला असता तर हाताला लागला असता.

पाठीवर थाप पडली.

“खो!”

सुव्रतने मान वळवून मागे बघितलं.

हलिमा मागे उभी होती. सुव्रत तिच्याकडे बघत होता. ती सुव्रतकडे बघत होती. सोपानने दोघांकडे बघितलं, आणि मग त्याला आनंद आवरेना. तो तिथल्या तिथे नाचला, खांबाला मिठी मारून आला, धुळीत एक कोलांटी मारली.

अंगण हसून हसून आडवं झालं.

“दादा, मागं काय बघताय?” हलिमाने कमरेवर हात ठेवले.

“कोणी थाप मारली ते...”

“मी मारली! दुसरं कोण मारणार? आणि मारणाऱ्याचं तोंड बघून काय मिळतंय? पळणारा पुढं आहे ना!”

“हो, पण...”

“आणि तुम्ही उठल्याशिवाय मी बसू कुठं? तुमच्या डोक्यावर?”

पुन्हा हशा.

बुवा हसले नाहीत. ते खिडकीत उठून उभे राहिले होते.

पुन्हा डाव सुरू झाला. पुन्हा सोपान समोर आला, पुन्हा पाठीवर थाप पडली. या वेळी सुव्रत वळला नाही. पण लगेच उठलाही नाही. रोजच्या सवयीने तो क्षणभर आत बघायला गेला. मजा येते आहे का, ते शोधायला...

सापडली नाही.

तोवर सोपान नदीच्या बाजूला पोचून कपाळावरचा घाम पुसत होता.

अंधार पडायला लागला तशी पोरं पाणी पिऊन घरी गेली. सुव्रत पायरीवर येऊन बसला. धोतर मातीने माखलं होतं. बुवा बाहेर आले आणि त्याच्या शेजारी टेकले.

“मजा नाही आली, बुवा.”

“नाही?”

“नाही. मी प्रामाणिकपणे बघितलं. काहीच नव्हतं.”

“हं.” बुवांनी खांबाकडे बघितलं. “सोपानला आली का?”

सुव्रतला ती कोलांटी आठवली. तो नको म्हणत असतानाही ओठांचं एक टोक हललं.

“त्याला फार आली.”

“पोराचा बाप गेल्यापासून त्याने कोलांटी मारलेली मी बघितली नव्हती.”

सुव्रत धोतराची माती झटकायला लागला.

“आज बघितली,” बुवा म्हणाले. “कोणामुळे मारली?”

“मी चुकलो म्हणून मारली.”

“असेल. मी कारण नाही विचारलं. माणूस विचारला.”

नदीकडून वारा आला. अंगणातल्या मातीत ओळीने आठ जणांच्या टाचांचे ठसे उमटले होते. त्यातला एक ठसा खोल होता, जागचा न हललेला. बुवा त्याच्याकडे कौतुकाने बघत होते, की काळजीने, ते सुव्रतला कळेना.

“बुवा, माझं उत्तर?”

“एस्टी कितीला आहे?”

“आठला.”

“मग पहाटेचं बसणं होईल तुझं,” असं म्हणून बुवा गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि आत गेले.

पहाटे सुव्रत बसला. शेजारी भरलेली पिशवी. पाठ आतल्या खोलीकडे, तोंड दाराकडे. तो नेहमी असाच बसायचा. आत बुवांचं अंथरूण, पुढे दार, मधे तो.

बाहेर अजून धूसर होतं. पाखरं नुकती बोलायला लागली होती.

“बुवा...”

बाईचा आवाज. दाराबाहेरून.

“बुवा, उठलात का हो... जरा येता का...”

आवाज मधेच तुटला.

सुव्रत बसून राहिला. आता आतून पावलं येतील, रोजच्यासारखी त्याच्या बाजूने जातील, कडी निघेल.

पावलं आली. कालच्यापेक्षा सावकाश. एका पायावर भार जास्त.

ती बाजूने गेली नाहीत. त्याच्या मागे येऊन थांबली.

मागे बुवांचा श्वास ऐकू येत होता, जरासा घरघरता. बाहेर ती बाई रडत होती. कोण होती, काय झालं होतं, काही माहीत नव्हतं.

इतकी वर्षं ज्या हाताची त्याने डोक्यावर वाट पाहिली, तो हात पाठीवर पडला.

थाप जोरात नव्हती. म्हाताऱ्या हाताची होती.

“खो,” बुवा म्हणाले.

सुव्रतची मान वळायला लागली... अर्ध्यावर थांबली.

तो उठला.

पिशवी होती तिथेच राहिली. अनवाणी पावलांनी त्याने दार गाठलं, कडी काढली. पहाटेचा गार वारा आत आला, आणि उंबऱ्यापलीकडे पदराने तोंड झाकलेली बाई दिसली.

मागे गुडघे करकरले. आसन सरकल्याचा आवाज झाला. मग एक लांब श्वास, दिवसभर पळून आलेल्या माणसाचा असतो तसा.

त्याने मागे बघितलं नाही.

“पळ,” बुवा म्हणाले. “मी बसलोय.”