पौर्णिमेची सभा

फार पूर्वीची, आपले पणजोबाही पाळण्यात नव्हते तेव्हाची ही गोष्ट. समुद्राकाठी एक छोटंसं राज्य होतं. राजा मनानं चांगला होता. पण नुसतं चांगलं असून भागत नाही हो, राजाला चार गोष्टी दिसायलाही लागतात. इथेच तर सगळं घोडं अडलं.

त्या राज्यात वर्षातून चारदा टेकडीवरच्या मैदानात सभा भरायची. मोठं काम काढायचं तर लोकांना विचारून काढायचं, अशी रीत होती. ज्या बाजूनं जास्त हात वर होतील, तसा हुकूम सुटायचा. श्रीमंताचा एक हात आणि गरिबाचाही एकच.

पूर्वी ही सभा अष्टमीला असायची. मांडव आणि पंगत यांचा खर्च राजाच्या खजिन्यातून व्हायचा. एका वर्षी खजिना आटला, तेव्हा वीस गलबतांचा मालक असलेला एक शेट राजाकडे आला.

"महाराज, खर्चाची काळजी सोडा," तो म्हणाला. "मांडव माझा, पंगत माझी. फक्त सभा पौर्णिमेला दुपारी ठेवा. शुभ दिवस आहे."

राजाला काय, आयतंच मिळालं. त्यानं मान डोलावली.

आता खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की अष्टमीला समुद्र शांत असतो आणि पौर्णिमेला त्याला उधाण येतं. त्या किनाऱ्यावर पौर्णिमेची भरती ऐन दुपारी चढायची. शेटचा अख्खा जन्म गलबतांत गेलेला. त्याला हे ठाऊक नव्हतं असं म्हणता? म्हणा बापडे.

टेकडीखाली खाडीला लागून खारवाडी नावाची वस्ती होती. तिची शेतं समुद्राहून खाली. मध्ये दगडमातीचा एक लांबच लांब बांध, त्याच्या जिवावर सगळी वस्ती भात पिकवायची. पण बांधात खेकडे बिळं करायचे. उधाणाचं पाणी त्या बिळांतून घुसलं, की बघता बघता बांधाला भगदाड पडायचं. म्हणून उधाणाच्या दुपारी प्रत्येक घर आपापल्या तुकड्यावर उभं राहायचं आणि चिखलाचे गोळे करून बिळं बुजवायचं. भरती उतरेपर्यंत पाठ टेकायला फुरसत नसायची.

मग सभेला कोण जाणार? सात वर्षं खारवाडीतून एकही माणूस सभेला गेला नाही. वर शहरातली माणसं म्हणायची, "त्या लोकांना राज्यकारभारात रसच नाही!" वा रे वा!

एके दिवशी दवंडीवाला वस्तीत आला. "ऐका हो ऐका! येत्या पौर्णिमेच्या सभेत शेटच्या गलबतांसाठी नव्या धक्क्याचा निर्णय होणार. धक्क्याला दगड खारवाडीच्या बांधाचे लागणार. कुणाला काही म्हणायचं असेल, तर सभेत येऊन म्हणावं!"

दगड गेले की उरणार नुसती माती. पहिल्याच उधाणात वस्ती खाऱ्या पाण्यात. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं.

वस्तीत धुरपी नावाची बाई होती. नवरा दूरदेशी गलबतावर, घरात दोन मुली आणि नावावर बांधाला चिकटून असलेलं एक शेत. तिचाच तुकडा सगळ्यांत कच्चा होता. ती उठली आणि तडक राजवाड्यात गेली. शेट तिथेच राजाशी बोलत बसला होता.

"महाराज, सभा आठ दिवस पुढे ढकला," धुरपी म्हणाली. "पौर्णिमेला आम्ही बांध सोडून येऊ शकत नाही."

राजा विचारात पडला. शेट गोड हसला. "महाराज, सभेला कुणाला मज्जाव आहे का? दार सगळ्यांना उघडं आहे. एका वस्तीसाठी दिवस बदललात, तर उद्या दुसरी वस्ती येईल. नियम सगळ्यांना सारखा हवा."

ऐकायला किती बरं वाटतं, नाही? राजालाही बरं वाटलं. "बाई, नियम सगळ्यांना सारखा," तोही म्हणाला. धुरपी आल्या पावली परत गेली.

संध्याकाळी वस्तीतली माणसं पारावर जमली. "अर्धे बांधावर राहू, अर्धे सभेला जाऊ," एकजण म्हणाला.

"अर्ध्यांनी काय होतंय?" धुरपी म्हणाली. "शेटचे खलाशी, हमाल, कारकून आणि त्याच्या पंगतीला येणारे शहरातले मिळून शंभराच्या वर हात होतात. आपण सगळे मिळून सव्वाशे. जायचं तर सगळ्यांनीच."

वस्तीतले जाणते तात्या घाबरले. "धुरपे, आणि बांध? तुझंच शेत पहिलं जाईल, पोरी."

"ठाऊक आहे तात्या. पण दगड गेले तर सगळ्यांचीच जातील, आणि कायमची. इकडे आड तिकडे विहीर आहे, त्यातल्या त्यात उथळ बघून उडी मारायची."

पौर्णिमा उजाडली तेव्हा माणसं पहाटेपासून बांधावर होती. दिसेल ते बीळ बुजवलं, पेंढा रचला, वर धोंडे ठेवले. पोरांना उंचावरच्या देवळात पाठवलं. सूर्य वर आला तशी सव्वाशे माणसं चिखलानं माखलेल्या अंगानं टेकडी चढू लागली. पाठीमागे बांधावर चिटपाखरू नव्हतं.

त्यांना बघून शेट दचकलाच. पण माणूस पक्का मुरलेला! त्यानं चटकन हात जोडले. "या, या! आज तर आनंदाचा दिवस. आधी पंगत, मग मोजणी. उपाशी माणसाकडून निर्णय घ्यायचा नसतो."

पानं मांडली. वाढप सुरू झालं. आणि किती सावकाश म्हणून सांगू! एकजण मीठ वाढून गेला, मग बऱ्याच वेळानं दुसरा लिंबाची फोड घेऊन आला. भात तर चुलीवरून उतरायलाच तयार नव्हता. उशीर का होतोय, हे खारवाडीच्या माणसांना सांगायला लागलं नाही. टेकडीवरून खाडी स्पष्ट दिसत होती. पाणी चढत होतं. बांधाच्या पायथ्याला लागलं, मग गुडघाभर वर आलं. पानावर गरम भात पडला, पण एकाही हातानं घास उचलला नाही.

"कंबरेपर्यंत आलं," कुणीतरी पुटपुटलं.

दोन पुरुष उठले. त्यांच्यामागे एक बाई उठली. समोर शेट शांतपणे वरणावर तूप वाढत होता. त्याला तेवढंच हवं होतं, माणसं घाबरून पळायला हवी होती.

तात्या धुरपीच्या कानाशी आले. "पोरी, तुझ्या तुकड्यावरून झिरपायला लागलंय. पळ. अजून वेळ आहे. आम्ही बघतो इकडचं."

धुरपीनं वळून पाहिलं. तिच्या शेतातला भात पोटरीला आला होता, आता लोंब्या बाहेर पडणार होत्या. बांधाच्या आतल्या अंगाला एक ओली रेघ दिसत होती आणि ती रुंद होत चालली होती. तिला रडू फुटलं. आता धावत सुटली तर पोचली असती. पण सगळ्या वस्तीचे डोळे तिच्यावर होते. ती उठली की मागोमाग पन्नास जण उठणार, हे तिला कळत होतं.

ती उठली नाही. डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणाली, "बसा रे सगळे. मोजणी होईस्तोवर कुणी हलायचं नाही." उठलेली तिघं परत बसली.

राजा पंगतीतून फिरत होता. त्याला भरलेली पानं दिसली. "बाई, तुम्ही कुणीच जेवत का नाही?"

"महाराज, आमचं पोट भरायला इथं वेळ आहे, पण समुद्राला थांबायला वेळ नाही," धुरपी म्हणाली. "तिकडं बघा. तो बांध आज रिकामा आहे. आम्ही इथं हात वर करायला बसलोय आणि मागं आमची शेतं जातायत. पाया पडते, मोजणी करा."

राजानं पहिल्यांदाच खाडीकडे नीट पाहिलं. आणि मग शेटच्या तुपाच्या तांब्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "पंगत थांबवा!" तो ओरडला. "मोजणी आत्ताच्या आत्ता!"

"पण महाराज, रीत..." शेट म्हणाला.

"आत्ता म्हटलं ना!"

धक्क्याच्या बाजूनं हात वर झाले. कारभाऱ्यानं मोजले, एकशे बारा. मग विरुद्ध बाजूचे हात वर झाले. कोपरापर्यंत चिखल लागलेले सव्वाशे हात. कारभाऱ्यानं आकडा पुकारला. बांधाचे दगड जागचे हलणार नव्हते. बांध वाचला होता.

एवढ्यात खालून धडाड् असा आवाज आला. "फुटला! बांध फुटला!" सगळी वस्ती टेकडी उतरत धावत सुटली. राजाही अनवाणी त्यांच्यामागे धावला.

धुरपीच्या तुकड्याला हातभर रुंद भगदाड पडलं होतं आणि पाणी धो धो आत येत होतं. माणसं त्यात उतरली. कुणी धोंडे लोटले, कुणी पाठ लावून उभे राहिले. राजानंही चिखल उचलला, का नाही उचलणार? भगदाड बुजलं. बाकीच्यांची शेतं वाचली. धुरपीच्या शेतावर मात्र गुडघाभर खारं पाणी उभं होतं.

शेट डोलीतून खाली आला, तोपर्यंत भरती उतरायला लागली होती.

राजा म्हणाला, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही जिंकलात."

"जिंकले खरी, महाराज," धुरपी म्हणाली. "शेट हरले, ते आता घरी जाऊन सुखानं जेवतील. माझ्या जमिनीतला खार धुऊन निघायला तीन पावसाळे लागतात. तोवर माझ्या पोरींनी काय खायचं? त्यांच्या माणसांना हात वर करायला वरण-भात मिळतो, आम्हाला हात वर करायला शेत घालवावं लागतं. आणि तुम्ही म्हणता, नियम सारखा!"

राजानं रागानं शेटकडे पाहिलं. शेटनं हात जोडले. "महाराज, मी कुठला नियम मोडला, सांगा."

"एकही नाही," राजा म्हणाला. "त्याचीच मला लाज वाटते. नियम माझा होता. चार मांडव आणि चार पंगती वाचवायला मी सभेचा दिवस तुला देऊन टाकला."

तिथेच चिखलात उभं राहून त्यानं हुकूम दिला. सभा पुन्हा अष्टमीला भरेल. खर्च खजिन्याचा, आणि खजिना रिता असेल तर जो तो आपली भाकरी बांधून आणील. आधी मोजणी, मग जेवण. आणि तीन वर्षं धुरपीच्या घरी कोठारातून भात जाईल.

"भात घेईन महाराज, नको म्हणायला मी काही संन्यासीण नाही," धुरपी म्हणाली. "पण सात वर्षं आमच्या माघारी सभेत जे जे ठरलं, त्याचं काय?"

"ते मी एकट्यानं नाही ठरवायचं," राजा म्हणाला. म्हणून येत्या अष्टमीच्या सभेत पहिला प्रश्न तोच ठेवायचा, असं ठरलं. त्या दिवशी खारवाडीतली झाडून सगळी माणसं हजर होती, आणि जुने निर्णय एकेक करून तपासत सभा संध्याकाळपर्यंत चालली.

तात्पर्य विचाराल तर एवढंच, की नियम सगळ्यांना सारखा असला म्हणून न्याय होत नाही. तो पाळताना कुणाच्या पदरचं काय जातं, हे राज्यकर्त्याला विचारावं लागतं. त्यानं विचारलं नाही, की ज्याच्या हाती पैसा तोच सभेची तिथी ठरवतो.