नदीपर्यंतची फेरी

एका डोंगरगावात एक नगारची राहत होता. त्याचं नाव धोंडिबा. टेकडीवरच्या देवळात तो रोज सकाळी नगारा वाजवी आणि त्या आवाजावर सारा गाव जागा होई.

चाळिशी उलटली तसं धोंडिबाचं पोट सुटलं. टेकडी चढवेना, म्हणून तो बैलगाडीतून वर जाऊ लागला. पुढे छातीत कळ येऊ लागली, तेव्हा त्याची बायको चिमा त्याला वैद्यबुवांकडे घेऊन गेली.

नाडी पाहून वैद्यबुवा म्हणाले, "तुझे वडील छातीच्या दुखण्यानेच गेले. तुला इतरांपेक्षा जास्त जपायला हवं. तंबाखू सोड. मीठ आणि तळलेलं कमी कर. रोज संध्याकाळी फेरी मार, झेपेल तेवढीच, पण चुकवू नकोस."

चिमाने त्याच दिवसापासून स्वयंपाक बदलला. "तुम्ही एकट्यानेच बेचव का खावं?" असं म्हणून तीही तेच जेवू लागली.

धोंडिबा मात्र फेरीला म्हणून निघे आणि वेशीजवळच्या भज्यांच्या दुकानात जाऊन बसे. गरम भजी, सोबत खारवलेली मिरची, वर तंबाखूची चिमूट. घरी आला की म्हणे, "आज पार नदीपर्यंत गेलो होतो." चिमाचा चेहरा आनंदाने फुलून जाई.

एके सकाळी देवळातच तो कोसळला. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं, दरदरून घाम फुटला. लोकांनी उचलून घरी आणलं. वैद्यबुवा धावत आले, म्हणून जीव वाचला.

धोंडिबाची आई सुनेवर कडाडली, "तुझ्या हातचं खाऊनच माझ्या लेकाची ही गत झाली! पथ्य सांभाळलंच नाहीस तू."

शेजारणी कुजबुजू लागल्या. चिमा खाली मान घालून म्हणाली, "मीठ जास्त पडलं असेल माझ्या हातून कधी."

धोंडिबाने सगळं ऐकलं. पण तो डोळे मिटून गप्प पडून राहिला.

तिसऱ्या दिवशी चिमा पेज घेऊन आली. "आज मीठ घातलंच नाही," ती म्हणाली. "माझीच मला भीती वाटते आता."

धोंडिबाने वाटी बाजूला ठेवली. त्याने आईला, शेजाऱ्यांना आणि वैद्यबुवांना बोलावून घेतलं. मान वर न करता तो म्हणाला, "हिची काही चूक नाही. मी एकदाही नदीपर्यंत गेलो नाही. भजी खात होतो, तंबाखू खात होतो."

आईला सुनेकडे बघवेना. चिमा एवढंच म्हणाली, "भज्यांचं काही नाही हो. मला बोल लागत होता, तेव्हा तुम्ही जागे होतात."

त्यानंतर धोंडिबाने तंबाखू खरोखर सोडली आणि तो खरोखर चालू लागला. हळूहळू तब्येत सावरली. पण दुबळं झालेलं हृदय पहिल्यासारखं झालं नाही, आणि नगारा दुसऱ्याच्या हाती गेला तो गेलाच. चिमा रोज वेळेवर ताट वाढी. मात्र ती त्याच्याशी हसून बोलली, तोवर वर्ष उलटलं होतं.

तात्पर्य: पथ्य चोरून मोडलं, तरी आपल्या छातीपासून ते लपत नाही, आणि त्याची शिक्षा आपल्याला जीव लावणाऱ्या माणसालाही भोगावी लागते.