कबऱ्याने दरी पाहिली

फार जुनी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एका तेल्याच्या घाण्याला कबरा नावाचा बैल होता. डोळ्यांवर झापड बांधून तो वर्षानुवर्षं गोल फिरला. पुढे असं झालं, की झापड काढली तरी तो गोलच फिरायचा. वैरणीला तोंड लावेना, डोळ्याला डोळा लागेना.

"दुखणं कसलंच दिसत नाही," तेली बायकोला म्हणाला, "पण असाच राहिला तर जगायचा नाही." अखेर त्याने कबऱ्याला चंद्री नावाच्या म्हाताऱ्या गाईबरोबर डोंगरावर सोडलं.

वर पोचताच कबरा गोल फिरू लागला. "आक्का, घाणा माझ्या डोक्यातच फिरतोय गं. थांबतच नाही."

"मग फीर बाबा. मी इथंच चरते," चंद्री म्हणाली.

तेवढ्यात ढग सरला आणि समोर अफाट दरी उघडली. निळ्या डोंगरांच्या रांगांमागे रांगा, कारवीच्या फुलांनी जांभळे झालेले उतार, आणि त्यांवरून सावकाश चाललेल्या ढगांच्या सावल्या. कबऱ्याचे पाय जागीच थबकले.

"आक्का, हे एवढं सगळं कोण चालवतं?"

"कुणी जुंपलेलं नाही रे त्याला. आपलं आपण चालतं."

कबरा कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. मग त्याने मान खाली घातली आणि पोटभर चरला.

दिवस कलला तसा तेली शोधत वर आला. कबरा गवतात गाढ झोपला होता. त्याला हाक मारायला तेल्याने तोंड उघडलं, पण समोरच्या दरीकडे नजर गेली आणि तो हळूच शेजारच्या दगडावर टेकला.