एकदांडीचा पाला कोणी चोळायचा

पाटघळच्या घाटात रस्त्याच्या दोन्ही कडांना एकदांडी माजली आहे, तेवढी आसपासच्या पाच गावांत सापडायची नाही. हे तण मूळचं इथलं नव्हे, समुद्रापलीकडच्या मुलखातून कधीतरी आलेलं. जमिनीला धरून पसरतं, पानं खरखरीत आणि कातरलेली. मधूनच एक उघडी, लांब दांडी वर येते आणि तिच्यावर फूल एकच. मधोमध पिवळं, भोवती पाचसहा फिक्या पाकळ्या. त्यात नवल काही नाही. नवल पाटघळच्या माणसांचं. इथे कोणाला विळा लागला तर तो रक्त थांबवायला या तणाचा पाला स्वतः चोळत नाही. ज्याचं बरं झालेलं आपल्याला बघवत नाही, त्याच्याच दारात रक्ताळलेला हात घेऊन जायचं, आणि त्यानेही नाही म्हणायचं नाही. याला कारण भिवराक्का, असं जुनी माणसं सांगतात.

भिवराक्का गावाच्या जखमा बांधायची. कुऱ्हाड लागो की बैलाचं शिंग, माणूस तिच्या ओट्यावर यायचा. हळद-चुन्याच्या लेपात ती आणखी काय घालते, हे तिने सुनेलाही कधी कळू दिलं नाही. मोबदला घ्यायची नाही, पण मान पुरेपूर घ्यायची. लग्नाच्या पंगतीत बायकांत पहिलं पान तिचं.

मग घाटाचा रस्ता निघाला आणि खडी फोडणाऱ्यांचा तळ वर येऊन पडला. त्यांच्यात एक तरणी बाई होती. कोणाला छिन्नी लागली की ती रस्त्याकडेचा हा पाला तळहातावर चोळायची, रस जखमेवर पिळायची. गुरवाच्या धोंडूचा अंगठा खडीने फाटला तेव्हा तिनेच रक्त थांबवलं. त्या शहाण्याने ते कुठे सांगावं? भिवराक्काच्याच ओट्यावर.

"आक्का, लेप न्हाई, काय न्हाई. नुस्ता पाला! घटकेत रगत थांबलं बगा."

त्या सुगीत भिवराक्काकडे तिघेच आले. बाकीचे घाट चढून खडीवालीकडे गेले. भिवराक्काचा नुसता जळफळाट झाला. अन्न गोड लागेना. त्या बाईचं हसणं, तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या, सगळं डोळ्यांत खुपू लागलं. शेवटी तिने ठरवलं, पालाच राहिला नाही तर चोळेल काय?

दुसऱ्या दिवसापासून विळा आणि पाटी घेऊन ती घाटात जाऊ लागली. कोणी विचारलं तर शेळीला चारा म्हणायची. पण हे तण मोठं चिवट. त्याच्या पेरापेराला मुळं फुटतात, तुकडा राहिला की तो पुन्हा रुजतो. उपटलेलं ती कड्यावरून फेकून द्यायची आणि पिकलेल्या बोंडांतल्या पिसांसारख्या बिया वारा घाटभर नेऊन टाकायचा. रागाच्या भरात तिला ते दिसलं नाही, म्हणे. तळाभोवतीचा पाला मात्र तिने आठ दिवसांत साफ केला.

आठव्या दिवशी दुपारी, तळाच्या अलीकडच्या वळणावर, विळा निसटला आणि डाव्या मनगटात बसला.

हात पदरात गुंडाळून ती तिथेच बसली. लेप घरी, कोसभर खाली. वाटेतच घेरी येणार, हे चाळीस वर्षं जखमा बांधणाऱ्या बाईला कोणी सांगायला नको होतं. तळ पन्नास पावलांवर होता. पण तिथे गेली, तर उद्या तिच्या ओट्यावर कोण येईल? बराच वेळ तिला मरण बरं वाटलं, असं सांगतात. पदर भिजून रक्त मांडीवर उतरलं, तेव्हा ती उठली.

खडीवालीने हातोडा टाकला. "आक्का, हात दावा." मनगट घट्ट दाबून धरायला लावून ती पाला शोधू लागली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "परवापत्तूर हितं रग्गड हुता. कुनी उपटला कुनास ठावं!"

भिवराक्काने खाली मान घातली.

"वळनाला माझी पाटी हाय," ती शेवटी म्हणाली. "तिच्यात हाय."

खडीवाली धावत जाऊन पाटी घेऊन आली. पाटी काठोकाठ भरलेली, वर विळा. तिने पाटीकडे पाहिलं, भिवराक्काकडे पाहिलं आणि मूठभर पाला तळहातावर घेऊन चोळू लागली.

"शेळीसाठी काढला व्हय, आक्का?"

"व्हय," भिवराक्का म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

रक्त थांबलं. पुढे रस्ता झाला, तळ उठून गेला. भिवराक्का ओट्यावर उघडपणे एकदांडी वापरू लागली. पाला कोणी चोळायचा, हा नेम तिनेच गावाला घालून दिला. आणि आपली ही गोष्टही ती सर्वांना सांगायची, शेळीच्या थापेसकट.

आजही पाटघळात हा नेम मोडलेला नाही. पाहुणे ऐकून घेतात आणि हमखास विचारतात, त्या खडीवालीचं नाव काय? ते गावात कोणालाच ठाऊक नाही. भिवराक्काला ठाऊक होतं, म्हणे. चिंधी बांधून घेताना तिने विचारलं होतं. पुढे जन्मभर लोकांनी तिला खोदून खोदून विचारलं. बाकी सगळं ती सांगायची. नाव तेवढं तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.