हैबती गुरवाची खिशातली बॅटरी

डोंगराखालच्या एका गावात एक भोळा गुरव होता. नाव हैबती. नावात हैबत होती तेवढीच. तो अंगणात आला तर कोंबडीसुद्धा दाणे टिपायची थांबत नसे.

गावचा देव कपारेश्वर. तो डोंगराच्या पोटात, गुहेत बसलेला. भरदुपारी बाहेर ऊन रटरटत असलं तरी देवापुढं हातभर अंतरावरचं दिसत नसे. समई लावावी, तर वटवाघळं पंखांनी ती विझवत. त्यात दारातून आत शिरताच डाव्या हाताला पाण्याचं टाकं, कंबरभर खोल आणि काठाला कठडा नाही. मागच्या महिन्यात एका भक्ताचा पाय त्यात गेला. देवाला भेटायच्या आधीच त्याची अंघोळ झाली.

देवस्थानचे मुख्य पंच रंगराव. त्यांनी हैबतीला बोलावून बजावलं, की रोज अंगाशी बाळगायला एक छोटी बॅटरी घे. पुन्हा कुणी टाक्यात पडलं, तर देवाची पूजा दुसऱ्या गुरवाकडं जाईल.

घरी हैबतीची बायको सगुणा घाबरली. पूजा गेली तर चूलही गेली. तिनं नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, “हे बघा, लांबलचक दांडकं आणू नका. खिशात मावेल अशी आणा. आणि घेताना अंधारात लावून बघा.”

हैबती दस्तगीरभाईच्या दुकानात गेला. दस्तगीरभाईनं सात बॅटऱ्या मांडल्या. लाटण्याएवढीपासून बोटाएवढीपर्यंत. हैबती म्हणाला, आधी अंधार दाखवा. दुकान रस्त्याला लागून, पत्र्यातून ऊन आत आलेलं. दस्तगीरभाई म्हणाला, “अंधार मी कुठून विकू? डोळे मिट. झाला अंधार.”

हैबतीला पटलं. त्यानं डोळे घट्ट मिटले आणि एकेक बॅटरी लावून पाहिली. पहिली लागली नाही. दुसरी लागली नाही. सातही झाल्या. मग डोळे उघडून तो जड मनानं म्हणाला, “भाई, माणूस तू चांगला आहेस, पण माल सगळा बाद आहे.” फळीवर साती बॅटऱ्या लखलखत होत्या. दस्तगीरभाई कधी त्यांच्याकडं बघे, कधी हैबतीकडं.

हैबती रिकामा घरी आला. सगुणानं कपाळाला हात लावला. म्हणाली, अहो, डोळे उघडे ठेवायचे. चांगलं निरखून बघायचं आणि मग घ्यायची.

दुसऱ्या दिवशी हैबती पुन्हा गेला. या वेळी त्यानं पापणीसुद्धा लवू दिली नाही. एकेक बॅटरी नाकापाशी धरायची, लावायची आणि आत निरखून बघायचं. सहा बॅटऱ्या पाहून झाल्या. सातवी बोटाएवढी, पोलादी, एका सेलची, खिशाला अडकवायला पाठीवर चाप. ती लावल्यावर हैबतीला दुसरं काही दिसेचना. म्हणजे हीच सगळ्यांत चांगली. त्यानं ती घेतली.

येताना त्याला रस्ता दिसेना. नुसती हिरवी वर्तुळं दिसत होती. चाचपडताना हाताला एक शेपूट लागलं. ते धरून तो निघाला. शेपूट म्हशीचं होतं आणि म्हैस तळ्याकडं चालली होती. उन्हं कलेपर्यंत ती दोघं पाण्यात बसून राहिली. म्हशीला काही घाई नव्हती.

ओल्या नवऱ्याचं डोकं पुसत सगुणानं पुन्हा समजावलं, की उजेड डोळ्यांत घ्यायचा नसतो. कुणाच्याच तोंडावर बॅटरी धरायची नाही, पायाशी धरायची. हैबतीनं ते तीनदा घोकलं.

दोन दिवसांनी लांबच्या गावाहून एक म्हातारा-म्हातारी आली. नवस फेडायचा होता. हैबतीनं त्यांना टाक्याला वळसा घालून नीट देवापुढं नेलं आणि बॅटरी देवाच्या पायाशी धरली. पायाशी एक झुरळ होतं. म्हातारी म्हणाली, बाबा, जरा वर धर, मुखदर्शन होऊ दे. हैबतीनं मान हलवली. कुणाच्याच तोंडावर धरायची नाही, असं घरून सांगणं होतं. म्हातारीनं हात जोडले, विनवण्या केल्या. शेवटी दोघांनी झुरळाला नमस्कार केला आणि बाहेर येऊन रंगरावांकडं गाऱ्हाणं घातलं.

रंगराव तापले. त्यांनी हैबतीला झापून सांगितलं, की बायकोचं ऐकू नकोस. आलेल्या माणसाला काय बघायचंय ते विचार आणि त्याच्यावरच बॅटरी धर.

हे सोपं होतं. हैबतीला हायसं वाटलं.

सोमवारी गुहेत आरतीला गर्दी झाली. टाळ्या सुरू होत्या. शेजारी भागूबाई उभी होती. जिभेची तिखट, आणि दर सोमवारी पेढे तिच्याच घरून येत. हैबतीनं तिला हळूच विचारलं, “काकू, काय बघायचंय?”

भागूबाई टाळी न थांबवता म्हणाली, “मी पेढे एकवीस आणते आणि वाटायला बारा उरतात. बाकीचे कुठं जातात, तेवढं बघायचंय.”

हैबतीनं बॅटरी नैवेद्याच्या ताटावर धरली. ताटात एक हात होता. हाताच्या मागोमाग उजेड वर गेला. वर रंगराव होते. दोन्ही गालांत एकेक पेढा, आणि तोंड आरती म्हणत असल्यासारखं हलत होतं. टाळ्या थांबल्या. गुहेत नुसतं चघळणं ऐकू येऊ लागलं.

त्या दिवशी गावात कुणी दुसरं काही बोललं नाही. सगुणासुद्धा भाकरी थापताना अधूनमधून हसत होती. रंगराव मात्र हसले नाहीत. त्यांनी हैबतीला गाठलं.

“हैबत्या, तुला उजेड फार झालाय. उठसूट लावतोस. सेल काय झाडाला लागतात? यापुढं गरज पडली की लावायची.”

“पडल्याशिवाय नाही ना, अण्णा?”

“पडल्याशिवाय नाही.”

आठवड्यानं आमदार आले. गुहेपर्यंत पक्का रस्ता हवा म्हणून रंगरावांनीच त्यांना बोलावलं होतं. आमदार पांढरेशुभ्र. मागं गाव. पुढं हैबती, उजव्या हातात बॅटरी, डाव्या हातात देवाला वाढवायचा नारळ. आज एकही चूक होऊ द्यायची नाही, असं त्यानं सकाळी देवाला सांगितलं होतं.

उन्हातून सगळे गुहेत शिरले आणि एकदम आंधळे झाले. आमदार चाचपडत म्हणाले, “इथं दिव्याची काही सोय नाही का?”

“आहे ना, साहेब,” हैबती अदबीनं म्हणाला. “पण अजून पडलेली नाही.”

एवढ्यात डावीकडं धपकन आवाज झाला. पाणी दारापर्यंत उडालं.

“पडली,” हैबती म्हणाला आणि त्यानं बॅटरी लावली.

टाक्यात आमदार कंबरभर पाण्यात उभे होते. गळ्यातल्या हाराच्या पाकळ्या भोवती तरंगत होत्या. हैबतीनं शोधून शोधून त्यांच्या पायाशी उजेड धरला. पाय पाण्याखाली होते. तळाशी दोन पांढरे मोजे आणि एक बेडूक एवढंच काय ते दिसलं. लोक हात पुढं करत होते, पण हात कुठं द्यायचा ते कळेना.

रंगराव मागून ओरडले, “अरे, मोजे काय दाखवतोस? साहेबांवर बॅटरी मार.”

हैबती चपापला. आजवर सगळ्यांनी बॅटरी धरायला सांगितली होती. मारायला कुणी सांगितलं नव्हतं.

“मारू, अण्णा? साहेबांना?”

“मार म्हणतो ना. डोक्यावर मार.”

हैबतीनं जन्मात कधी वासरावर हात उगारला नव्हता. पण पूजा टिकवायची होती. त्यानं आधी आमदारांना नमस्कार केला, मग नेम धरला आणि बॅटरी मारली. ती कपाळावर ठण्णकन लागली आणि पाण्यात गेली. गुहेत काळोख झाला.

“हैबत्या, काय केलंस हे?” रंगराव किंचाळले.

“मारली, अण्णा. बरोबर डोक्यावर लागली. आता जवळ नारळ तेवढा उरलाय.”

“मग तोही मार की. ठेवतोस कशाला?” रंगराव वैतागून म्हणाले.

हैबतीनं नारळ उचलला. काळोखात साहेब कुठं आहेत ते काही दिसेना. जिकडून शेवटचा आवाज आला होता, तिकडं त्यानं तो अंगातलं सगळं बळ लावून मारला.

नारळ फुटल्याचं सगळ्यांनी ऐकलं. थोड्या वेळानं टाक्यातून आमदार म्हणाले, “मला लागला नाही.”

रंगराव काहीच म्हणाले नाहीत.