दारूगोळ्याच्या कोठाराला धुराडं

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा डोंगरापलीकडच्या राज्याशी चाललेली भांडणं नुकतीच मिटली होती. राजाला सीमेवर शत्रू उरला नव्हता, पण त्याच्या आजोबांनी बांधलेली चार लहान ठाणी तशीच उभी होती. प्रत्येक ठाण्यावर मूठभर शिपाई, थोडे घोडे, एक विहीर आणि दिवसभर जांभया देणारा एक पहारेकरी.

राजाने विचार केला, चार ठिकाणी खर्च कशाला? त्याने हुकूम काढला. चारही ठाणी मोडायची, डोंगराच्या पायथ्याशी एकच मोठी छावणी बांधायची आणि शिपाई, घोडे, हत्यारं तिथे हलवायची. हुकूम सुटसुटीत होता. दरबारात सगळ्यांना आवडला.

पण बांधकाम म्हटलं की काय होतं, ते घर बांधलेल्या कुणालाही विचारा. पागेचं छप्पर वाढलं, विहिरीला खडक लागला, आणि खजिन्यातून एकामागून एक थैल्या बाहेर पडू लागल्या. शेवटी राजाने आपल्या तपासनिसाला बोलावलं.

"काटकसर करायला निघालो आणि खर्चच वाढून बसला," राजा म्हणाला. "जाऊन बघा. मागितलं तेच बांधलंय, की माझ्या चुन्यातून कुणी स्वतःचं घर उठवतोय?"

हा तपासनीस पन्नाशीचा, पोट जरा सुटलेला आणि स्वभावाने भारी चौकस. कुणाच्या लग्नाला गेला तर नवरी बघायच्या आधी मांडवाचा खांब हलवून बघायचा. कुणाकडे पाणी प्यायला टेकला तर घरी येऊन त्यांच्या फळीवरची भांडी सांगायचा. त्याची बायको म्हणायची, "अहो, राजा पगार देतो म्हणून याला तपासणी म्हणायचं. एरवी लोक याला भोचकपणा म्हणतात." यावर तो नुसता हसायचा. मनाने मात्र तो मऊ होता, आणि राजाला त्याने आजवर खोटं कधी सांगितलं नव्हतं.

तो छावणीवर पोहोचला, तेव्हा काम बहुतेक उरकलं होतं. चारांपैकी सगळ्यात जुन्या ठाण्याचा ठाणेदार या कामावर नेमलेला होता. मोठ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्याने तपासनिसाला गूळपाणी दिलं आणि सगळीकडे फिरवून आणलं.

तपासनिसाने चुना बोटावर घासून पाहिला. तुळयांवर थाप मारली. विहिरीत डोकावून खडक खरंच होता याची खात्री केली. पागेत शिरून दावणी पाहिल्या. सगळं चोख होतं. त्याला वाटलं, राजाचा संशय उगाच आहे.

"आता तेवढं दारूगोळ्याचं कोठार बघू," तो म्हणाला.

ठाणेदाराचा चेहरा उतरला. "तिथं काय बघायचंय, बुवा? चार भिंती. जेवून घ्या आधी, पिठलं निवतंय."

आता चौकस माणसाला जेवणाचं आमिष दाखवून कुठे थांबवता येतं का? तो आणखीच जोरात चालू लागला.

कोठार छावणीच्या अगदी टोकाला होतं. दारूगोळा असा लांबच ठेवतात, कारण एक ठिणगी पडली तरी सगळं उडून जायचं. अशा कोठाराला भिंती जाड असतात, दार लहान असतं, आणि तिथे कुणी साधी पणतीसुद्धा नेत नाही. तपासनीस आत शिरला आणि बघतच राहिला. कोपऱ्यात चुलीचा ओटा होता. त्याच्यावर छपरातून निघालेलं चांगलं रुंद धुराडं. भिंतीत दिव्यासाठी कोनाडे. एका बाजूला जातं रोवलेलं. दाराबाहेर बसायला सारवलेला ओटा.

ओट्याची कड लिंपत बसलेल्या गवंड्याला त्याने विचारलं, "का हो, दारूगोळ्याच्या कोठाराला धुराडं?"

"वारा खेळायला, मालक."

"आणि ही चूल?"

"ती... ती तशीच."

"आणि जातं? दारू काय दळून घालणार आहात तोफेत?"

गवंड्याने एकदा ठाणेदाराकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि थापी घेऊन तो पलीकडच्या भिंतीकडे निघून गेला. तिथे काही काम नव्हतं.

तपासनिसाला राग आला. म्हणजे राजा म्हणाला ते खरंच निघालं! हा मिशाळ गृहस्थ राजाच्या पैशात स्वतःच्या सासुरवाडीची सोय लावतोय. आता तो चांगलं खडसावणार, इतक्यात वाटेवरून बायकांचे आवाज आले.

सात म्हाताऱ्या येत होत्या. कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाच्या काखेत सूप, एकीच्या हातात दुधाचं झाकलेलं पातेलं. सगळ्यांत पुढे होती तान्हूबाई. तिचा नवरा जुन्या ठाण्यावर शिपाई होता. तो लढाईत पडला आणि ती तिथेच राहिली. बाकीच्या सहाजणींचंही तसंच. शिपायांच्या भाकऱ्या थापायच्या, दळण दळायचं, आजाऱ्याला काढा द्यायचा, यातच त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांना दुसरं घर नव्हतं.

"ठाणेदारा, हीच का रे आमची खोली?" तान्हूबाईने लांबूनच विचारलं. मग आत डोकावून म्हणाली, "अगं बाई, धुराडंसुद्धा! तिकडं धुरानं डोळे जायची वेळ आली होती माझी." तिने तपासनिसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे कोण? भिंती मोजणारे का? मोजा, भाऊ, नीट मोजा. आणि राजाला सांगा, तान्हूबाई रोज दिवा लावताना त्याचं नाव घेते. आम्हा म्हाताऱ्यांची आठवण ठेवून खोली बांधून दिली, एवढं कोण करतं?"

ठाणेदार जमिनीकडे बघत होता.

बायका आत गेल्या. तपासनिसाने ठाणेदाराला पागेमागे ओढलं.

"राजाने बांधून दिली?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"नाही." ठाणेदार म्हणाला. "हुकमात लिहिलंय शिपाई, घोडे, हत्यारं. यांचं नाव कुठल्याच हजेरीत नाही. ठाणं मोडल्यावर या जाणार कुठं? तान्हूबाईच्या हातची भाकरी खाऊन मी मिसरूड फुटल्यापासून मोठा झालो. कोठार म्हणून लिहिलं, कारण कोठारात कुणी डोकावत नाही. मी एक पैसा घेतला नाही, बुवा."

"मग सरळ मागायचं होतं."

"आणि नाही म्हणाले असते तर? एकदा नाही म्हटल्यावर मग लपवूनही करता आलं नसतं."

तपासनिसाचा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या मनात आलं, काय बिघडतंय? भिंती पक्क्या आहेत, चुना चांगला आहे. 'सगळं ठीक' म्हणून सांगावं आणि घरी जावं. राजाला कुठे कळतंय?

मग एकाएकी त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली.

"अहो ठाणेदार," तो म्हणाला, "कोठार तयार आहे असं राजधानीला कळवलंत का तुम्ही?"

"कळवलं की. परवाच."

"मग तिथे भरायला दारूगोळा पाठवणार नाहीत का ते?"

ठाणेदाराने कपाळावर हात मारला. आणि तेवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

दारूच्या पिंपांनी भरलेल्या गाड्या छावणीच्या दारातून आत आल्या होत्या. हुकूम होता, थेट कोठारात उतरवा. पहिला गाडीवान कोठाराकडेच वळला होता. आणि कोठाराच्या धुराड्यातून निळा धूर निघत होता. नव्या घरात पाऊल टाकलं की दूध उतू जाऊ द्यायचं असतं. म्हाताऱ्यांनी चूल पेटवून पातेलं चढवलं होतं.

पोट सुटलेला तपासनीस त्या दिवशी कसा धावला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तो गाड्यांसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. "मागे! बैल मागे वळवा!"

"दारूगोळ्याच्या कोठारातून धूर?" गाडीवान ओरडला. "वेड लागलंय का तुम्हा लोकांना?" वारा गाड्यांच्या दिशेने होता. धुराबरोबर एक ठिणगी वर उडाली आणि हवेतच विझली.

"तान्हूबाई, चूल विझव!" ठाणेदाराने हाक मारली.

तान्हूबाईने दारातून गाड्या पाहिल्या, पिंपं पाहिली. सारा जन्म तिने ठाण्यावर काढलेला. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. जवळ पाणी नव्हतं. तिने पातेलं उचललं आणि सगळं दूध चुलीत ओतून दिलं.

गाड्या लांब माळावर नेऊन उभ्या केल्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग हळूहळू सगळ्या गोष्टी म्हाताऱ्यांच्या कानावर गेल्या.

"म्हणजे राजाला ठाऊकच नाही?" तान्हूबाई म्हणाली. "मग इतके दिवस मी कुणाला आशीर्वाद देत होते?" आणि ती खाली बसून आपलं गाठोडं पुन्हा बांधायला लागली.

ते बघणं ठाणेदाराला सोसेना. तो तपासनिसाला म्हणाला, "गाडीवानांची समजूत मी घालतो. तुम्ही फक्त गप्प राहा. या बायकांसाठी."

"त्यांच्यासाठीच गप्प राहता येत नाही," तपासनीस म्हणाला. "आज मी इथे होतो. उद्या तुमची बदली होईल, नवा ठाणेदार येईल, त्याला सांगतील हे कोठार आहे. चला माझ्याबरोबर. मी दोन्ही गोष्टी सांगेन. तुम्ही लिहिलेलं खोटंही सांगेन आणि या बायकांची गरजही."

राजासमोर तपासनिसाने सगळं सांगितलं. बांधकाम चोख आहे, पण कोठार कोठार नाही. कुणी पैसा खाल्लेला नाही, पण खोटं नाव लावलेलं आहे, आणि त्या खोट्यापायी सात बायका आणि एक छावणी जळता जळता वाचली.

राजा भडकला. "मला विचारलं का नाही?" त्याने ठाणेदाराला दरडावलं. "मी काय दगड आहे?"

ठाणेदार मान खाली घालून उभा राहिला. तपासनीस मात्र बोलला. "महाराज, चूक त्यांची आहेच. पण आपल्या हुकमात शिपाई होते, घोडे होते, हत्यारं होती. घोड्यांच्या दावणीसुद्धा विचारून घेतल्या. माणसांचं कुणी विचारलं नाही. आणि एक सांगू? ती तान्हूबाई रोज दिवा लावताना आपल्याला आशीर्वाद देत होती, आपण न केलेल्या कामासाठी."

राजाचा राग ओसरला. मग म्हणाला, "घेतलेला आशीर्वाद फुकट ठेवणं बरं नाही."

ती खोली सातजणींची झाली, राजाच्या हुकमाने आणि खऱ्या नावाने. दारूगोळ्यासाठी दुसरं कोठार बांधायचं ठरलं. त्याचा खर्च ठाणेदाराच्या पगारातून कापला गेला आणि एक वर्ष त्याची ठाणेदारी काढून घेतली. ठाणेदाराने कुरकूर केली नाही. त्या वर्षी तो साधा शिपाई म्हणून राहिला आणि नव्या कोठाराचे दगड वाहू लागला. तान्हूबाई त्याला भाकरी द्यायची आणि वर म्हणायची, "खा मुकाट्यानं. पुढच्या वेळी तोंड उघडायला शीक."

पण गोष्ट इथे संपत नाही. राजाला प्रश्न पडला, ठाणी तर चार मोडली. बाकीच्या तीन ठाण्यांवर कुणी नव्हतं का?

होतं. तिथल्या ठाणेदारांनी खोटं लिहिलं नव्हतं, पण मागितलंही नव्हतं. हुकमात नाव नाही म्हणून त्यांनी दारं बंद केली आणि शिपाई घेऊन ते निघाले. मागे राहिलेल्या विधवा, एक आंधळा नालबंद, एक पंगू पहारेकरी, जिकडे वाट फुटली तिकडे गेले होते. राजाने त्यांना शोधायला तपासनिसालाच पाठवलं. तो गावोगाव फिरला, दारोदार चौकशी केली. पुष्कळजण सापडले आणि छावणीत आले. आंधळा नालबंद मात्र सापडला नाही. कुणी म्हणे नदीकडे गेला, कुणी म्हणे रानाकडे. तपासनीस आणखी कितीतरी दिवस त्याच्याबद्दल विचारत हिंडला.

तात्पर्य: खरी गरज खऱ्या नावानेच मागावी, आणि देणाऱ्याने ती आधी विचारावी.